खाली ठेवलेला कप

भीती हा माणसाचा स्वभाव नसून ती त्याला लागलेली सवय आहे, आणि तंबाखूसारखीच ती निर्धारानं सोडता येते. मी सोडली आहे.

हे विधान मी रंकाळ्याच्या काठावर, एका सिमेंटच्या बाकावर उभा राहून केलं. बसून का केलं नाही, असं कोणी विचारील. बाकाखाली कुत्रं होतं. ते झोपलं होतं, हे मला मान्य आहे. पण झोपलेलं कुत्रं कशावरून उठणार नाही?

"हाड," गौस म्हणाला. कुत्रं उठून गेलं. मग मी खाली उतरलो आणि निर्भयतेवरचं उरलेलं विवेचन पूर्ण केलं.

गौस माझा शाळेपासूनचा मित्र. शाहूपुरीत त्याचं फोटोंना फ्रेमा करून द्यायचं दुकान. आता ते त्याचा मुलगा काशिफ बघतो. गौसला शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि त्याला एकट्याला कंटाळा येतो म्हणून मी त्याच्याबरोबर चालतो, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे कुत्र्यांसाठी मला तो लागतो.

माझं नाव नृसिंह. इथल्याच एका वर्तमानपत्रात मी उभी हयात विनोदी सदर लिहिलं आणि पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. एकाही पुढाऱ्यानं कधी माझ्या केसाला धक्का लावला नाही. मी याला माझा दरारा म्हणतो. गौसचं म्हणणं, त्यातला एकही वाचत नव्हता.

तर त्या निर्भयतेच्या भरात मी जॉर्डनला जायला होकार दिला. आमच्या सौभाग्यवती मीनाक्षीबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, यांनी नावं आधीच घातली होती. होकार फक्त शोभेचा होता. जयसिंगपूरचा आदर्श नावाचा एक उमदा तरुण ज्येष्ठ नागरिकांच्या सहली नेतो. तिथं पेट्रा म्हणून एक प्राचीन शहर आहे, डोंगर कोरून काढलेलं, आणि ते सगळं पायी बघावं लागतं. पायी म्हटल्यावर मी गौसचंही नाव घातलं. परदेशातही कुत्री असतातच.

पेट्राला जाताना बसमध्ये आदर्श पुढं माइकवर तिथल्या लोकांच्या कॉफीबद्दल काहीतरी सांगत होता. मी मागच्या सीटवर पन्हाळ्याबद्दल सांगत होतो. माझा आवाज मोठा असल्यामुळं माइकचं फारसं कोणाला ऐकू आलं नाही.

"पन्हाळा मी इतक्या वेळा चढलोय," मी म्हणालो, "की हे असले अवशेष म्हणजे मला अंगण."

"एसटीनं चढलेत," मीनाक्षी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पेट्रा खरोखर अफाट आहे. लालसर डोंगर, त्यात कोरलेले पाचपाच मजली उंच खांब, दारं, आणि दारांच्या आत काळोख. मीनाक्षीचे गुडघे आणि इतर मंडळींचा उत्साह खालच्या चहाच्या टपरीपाशी संपला. आदर्शनं मला आणि गौसला बजावलं, वर पायऱ्यांनी जाऊन तो मोठा मठ बघा आणि त्याच वाटेनं खाली या, ऊन उतरलं की बस सुटेल. मीनाक्षीनं वेगळं बजावलं. कोणी काही दिलं तर खाऊ नका, कोणी कुठं बोलावलं तर जाऊ नका. मी तिला विचारलं, आपण कोल्हापूरचे ना?

मठ बघितला. आता त्याच वाटेनं उतरायचं, हे मला पटेना.

"आल्या वाटेनं पर्यटक जातात," मी म्हणालो. "संशोधक मागून उतरतो."

"तू संशोधक कवा झालास?"

"आत्ताच."

मागच्या बाजूला एक पाटी होती. अरबी दिसताच गौस थांबला. लहानपणी मौलवींनी त्याला अरबी वाचायला शिकवलेलं आहे. त्यानं छाती भरून, खणखणीत आवाजात, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत सगळी पाटी वाचून काढली. ऐकताना माझ्या अंगावर शहारा आला.

"काय लिहिलंय?"

"काय की. वाचाय येतंय. कळाय कुठं येतंय?"

त्याच पाटीच्या खालच्या अंगाला, धुळीनं भरलेलं, इंग्रजीही होतं. वाटाड्याशिवाय या बाजूला जाऊ नये. ते मी वाचलं तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा त्या पाटीपाशी आलो होतो. सरळ खाली उतरत असताना माणूस परत वर कसा येतो, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

पुढं मग दगड, वळण, गुहा. दगड, वळण, गुहा. पायाचा आवाज कड्यावर आपटून मागून यायचा आणि मी वळून बघायचो.

"ही गुहा मघाशी बघितली की," गौस म्हणाला.

"ती वेगळी. हिचं शिल्प उत्तरकालीन आहे."

"आस्सं?" तो आत गेला आणि आपली विसरलेली टोपी घेऊन बाहेर आला.

या गुहा म्हणजे घरं नसून बहुतेक सगळी थडगी आहेत, हे आदर्शनं सकाळीच सांगितलं होतं. नेमकं हेच तेवढं मला ऐकू आलेलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. पाणी संपत आलं होतं. आपण इथंच राहिलो तर दोन हजार वर्षांनी कोणीतरी आपल्यावर पाटी लावील आणि तीही गौस वाचून दाखवील, असे विचार माझ्या मनात येऊ लागले.

आणि तेवढ्यात तो आला.

गाढवावर बसलेला म्हातारा. डोक्याला रुमाल, चेहरा सुकल्या खारकेसारखा, कमरेला वाकडी सुरी. त्यानं आम्हाला बघितलं, गाढव थांबवलं आणि हातानं 'चला' अशी खूण केली. मी मानेनं 'नको' म्हटलं. त्यानं छातीवर हात ठेवून पुन्हा 'चला' म्हटलं. गौसनं आपलं 'अस्सलामु अलैकुम' केलं, आणि ते इतकं अस्सल केलं की म्हाताऱ्याचा चेहरा उजळला आणि तो धबधब्यासारखा अरबी बोलू लागला. गौस अधूनमधून 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणत होता. ते कुठंही चालतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं.

आता आमच्या जिल्ह्यात अनोळखी माणूस दिसला की 'या पावणं, च्या घेऊन जावा' म्हणत हाताला धरून घरात न्यायची पद्धतच आहे. कागलच्या माझ्या मावसभावानं वीज तोडायला आलेल्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा वाढून परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. हे आपण करतो तेव्हा त्याला पाहुणचार म्हणतात. तेच परमुलखात आपल्या हाताला कोणी धरलं, की त्याला अपहरण म्हणतात.

"नरसू, जाऊ या की," गौस म्हणाला. "पाणी तर देतील."

एका घळीत त्याचा काळा लोकरी तंबू होता. तंबूच्या बाजूला एक पांढरीशुभ्र उंटीण बांधलेली. मध्ये पडदा, पडद्याआड बायकांची कुजबुज. आणि तंबूच्या तोंडाशी वासराएवढं कुत्रं. आम्ही आत गेल्यावर ते उठलं आणि बरोबर दाराच्या मधोमध आडवं पसरलं. बाहेर जायचा प्रश्न तिथंच निकालात निघाला.

म्हाताऱ्यानं छातीवर बोट ठेवून आपलं नाव सांगितलं, अबू फव्वाझ. गाद्या अंथरल्या, उशा लावल्या, पाणी दिलं. मग पितळी किटलीतून एका बिनकानाच्या इवल्याशा कपात कॉफी ओतून आधी स्वतः चाखली. दुसरा कप मला दिला, तिसरा गौसला. तळाला जेमतेम घोटभर, पिवळट रंगाची, वास काढ्यासारखा. मी जिभेचं टोक लावायच्या आतच मला तिचा कडूपणा नाकानं कळला.

आणि मी काय केलं? तर कोणताही सभ्य कोल्हापूरकर जे करील तेच. कप खाली सतरंजीवर ठेवला.

कारण आपल्याकडं चहा आला की लगेच उचलायचा नसतो. तो भुकेलेपणा झाला. कप खाली ठेवायचा, 'कशाला उगंच' म्हणायचं, इकडचं तिकडचं बोलायचं. मग घरधनी म्हणतो, 'घ्या की पावणं, गार होतोय.' आपण म्हणायचं, 'आत्ताच झालाय.' तो म्हणतो, 'आमच्याकडचा कुठं झालाय?' मग घ्यायचा. एवढं झाल्याशिवाय तो चहा अंगी लागत नाही.

गौसला तसली कडू कॉफी म्हणजे पर्वणी. बिनसाखरेचं काहीतरी त्याला कोणी प्रेमानं दिलं होतं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं कप ओठाला लावला होता. मी कोपरानं ढोसलं.

"आग्रह होऊ दे."

त्यानंही कप खाली ठेवला.

अबू फव्वाझनं आमच्या कपांकडं बघितलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं किटली खाली ठेवली. आम्ही 'घ्या' म्हणण्याची वाट बघत राहिलो. तो कशाची वाट बघत होता कोण जाणे. पडद्याआडची कुजबुजसुद्धा थांबली.

कोणी आग्रहच करीना! आधी मला अपमान वाटला. मग त्याच्या कमरेच्या सुरीकडं लक्ष गेलं आणि अपमान ओसरला.

अबू फव्वाझ पुढं वाकला आणि हळू, गंभीर आवाजात गौसला काहीतरी विचारलं. गौसनं माझ्याकडं बघितलं. मी भुवया उडवल्या.

"इन्शाअल्लाह," गौस म्हणाला.

म्हाताऱ्यानं आणखी काहीतरी विचारलं. दोन्ही हात पसरून, मोठा आकार दाखवत.

"माशाअल्लाह," गौस मनापासून म्हणाला.

म्हातारा उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाहेर जाऊन त्यानं वरच्या टेकाडाकडं तोंड करून मोठ्यानं हाका मारल्या. वरून कोणीतरी ओ दिली. मग तो त्या पांढऱ्या उंटिणीजवळ गेला, तिच्या मानेवर हात ठेवून तिच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलला, आणि तिला सोडून तंबूच्या दाराशी आणून उभी केली.

"आपल्याला हिच्यावर बांधून न्हेणार," मी म्हणालो.

"उगंच कायबी. आपण काय केलंय?"

"तू काय बोललास त्याला?"

"चांगलंच बोललोय की."

"त्यानं विचारलं काय?"

"ते कुठं कळालंय!"

मागच्या बाजूनं दगडावर पातं घासल्याचा आवाज येऊ लागला. सर्र. सर्र. मग एक बकरं ओरडलं. मग ओरडायचं थांबलं. मी उठलो. माझी बायको खाली वाट बघत्येय, बस सुटेल, असं सगळं मराठीतून, हातवारे करून सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला होतो तिथं बसवलं. दारातल्या कुत्र्यानं एक डोळा उघडून माझ्या पोटरीकडं बघितलं.

"गौस," मी म्हणालो, "माझं काही झालं तर मीनाक्षीला सांग, नृसिंह शेवटपर्यंत घाबरला नाही."

"तुझ्या शेजारीच बसलोय की मी. मला काय सोडत्यात व्हय?"

तेवढ्यात एक पिकअप गाडी धूळ उडवत आली. तिच्यातून माणसं उतरली. पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे, रुंद खांद्यांचे पुरुष, सगळे गंभीर. एकेक जण आत आला, आधी आमच्या कपांकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि उशीला टेकून बसला. कोणी एक अक्षर बोललं नाही. आमच्या गल्लीत मयताला याहून जास्त बोलतात. गौसच्या ओठांची पुटपुट चालू झाली होती. या खेपेला त्याला अर्थ चांगलाच कळत असावा.

सगळ्यांत शेवटी चाळिशीतला एक माणूस पुढं आला. अबू फव्वाझचा मुलगा, नाव राईद, अम्मानच्या एका हॉटेलात नोकरीला, सुट्टीवर घरी आलेला, आणि इंग्रजी स्वच्छ. त्याच्या तोंडचं ते इंग्रजी ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. त्यानं आधी आमची चौकशी केली. खाली तुमचा माणूस तुम्हाला शोधतोय, मी त्याला निरोप दिलाय, म्हणाला. मग तो माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"वडील म्हणतात, बोला. तुमचं काय मागणं आहे?"

"मागणं?"

त्यानं कपाकडं बोट केलं. मग त्यानं जे सांगितलं ते सकाळी बसमध्ये माइकवरून आधीच सांगून झालेलं होतं, हे मला नंतर मीनाक्षीकडून समजलं. त्यांच्यात पाहुण्यानं कॉफी न पिता कप खाली ठेवला, की त्याला यजमानाकडं काहीतरी मागायचं असतं. ते मिळेपर्यंत तो पीत नाही. मुलीला मागणी घालायची असली की असा ठेवतात. खून पडला आणि दोन घरांत समेट करायचा असला की असा ठेवतात. आणि पाहुण्याचं मागणं पुरं झालं नाही, तर यजमानानं खोऱ्यात तोंड दाखवायचं नाही.

"सहज म्हणून कोणी ठेवत नाही का?" मी विचारलं.

"सहज?" राईदनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी तो प्रश्न परत घेतला.

"वडील म्हणतात, हे दोन वयस्कर गृहस्थ समुद्रापलीकडून आले. वाटाड्या न घेता, थडग्यांमधून, उन्हातून, पायी. आणि दोघांनी कप ठेवले. काही मागायचंय का, असं त्यांनी विचारलं. तुमचे मित्र म्हणाले, देवाची इच्छा असेल तर. फार मोठं आहे का, असं विचारलं. ते कौतुकानं म्हणाले, माशाअल्लाह."

मी गौसकडं बघितलं. गौस तंबूच्या छताकडं बघत होता.

"तेव्हा वडिलांनी काकांना बोलावून घेतलं. एवढं मोठं मागणं एकट्याला पेलायचं नाही म्हणून. बकरं कापलं, कारण तुम्ही काहीही मागितलंत तरी उपाशी जाणार नाही. आणि ती उंटीण." इथं राईदचा आवाज खाली आला. "सगळ्या खोऱ्यात तिच्यासारखी नाही. वडिलांनी तिला हातावर दूध पाजून वाढवलंय. लांबून आलेला माणूस तिच्यासाठीच आला असणार, असं त्यांना वाटतं. ते देतील. त्यांनी तिचा निरोप घेतलाय."

मी पहिल्यांदाच अबू फव्वाझकडं नीट बघितलं. इतका वेळ मला त्याच्या चेहऱ्यावर जो राग दिसत होता तो राग नव्हता. म्हातारा पुन्हापुन्हा दाराशी उभ्या उंटिणीकडं बघत होता. त्या तंबूत माझ्याहून जास्त घाबरलेला माणूस असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि तरीही तो छातीवर हात ठेवून, मान ताठ करून उभा होता. निर्भयतेवर पुन्हा कधी बोलायचं झालं तर ते त्याला बोलू द्यावं.

"त्यांना सांगा, आम्हाला काही नको."

राईदनं घाईनं मान हलवली. "असं नका करू. काही नको म्हणालात तर ते म्हणतील, माझी ऐपत बघून पाहुणे गप्प बसले. हे सगळे काका साक्षीला बसलेत. मागा काहीतरी."

सगळे दाढीवाले माझ्याकडं बघू लागले. पडदा हलला. उंटिणीनं तंबूत डोकं घालून माझ्याकडं बघितलं.

"नरसू," गौस माझ्या कानाला लागला, "उंट मागू नगंस हां. बांधायचा कुठं?"

काय मागावं? उभी हयात मी सदरातून सरकारकडं काय काय मागितलं होतं. रस्ते, पाणी, न्याय, सुशासन. एकदा तर एका मंत्र्याचा राजीनामा मागितला होता. त्यातलं काहीही मिळालं नव्हतं. आणि आज, मागेन ते द्यायला एक अख्खं खानदान हात जोडून बसलं होतं, तर मला काही सुचेना. समोरचा कप तेवढा दिसत होता.

"थोडी साखर मिळेल का?" मी म्हणालो.

राईद माझ्याकडं बघत राहिला. त्यानं एकदा मला पुन्हा विचारून घेतलं. मग त्यानं वडिलांना सांगितलं. वडिलांनीही पुन्हा विचारलं. कॉफीत साखर घालणं हा तिथं गुन्हाच असावा, कारण एका काकांनी डोळे मिटून घेतले.

मग अबू फव्वाझ वळला आणि आधी बाहेर गेला. उंटिणीच्या मानेत तोंड खुपसून तो इतका हसला, की ती बिचारी घाबरून चार पावलं मागं सरली. मग काका हसले. मग पडद्याआड हास्याचा असा फवारा उडाला की दारातलं कुत्रं उठून निघून गेलं. आतून चहासाठीचा साखरेचा अख्खा डबा बाहेर आला. तो म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला, स्वतःच्या हातानं चमचाभर साखर कपात घातली, आणि मी ती कॉफी सगळ्यांच्या साक्षीनं पिऊन टाकली. अबू फव्वाझनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बाहेरून मटणाचा वास येत होता. दोन्ही घराण्यांची अब्रू वाचली होती.

आणि मग हळूहळू हसणं थांबलं. एकेक मान वळली. सगळे सतरंजीवरच्या दुसऱ्या कपाकडं बघू लागले. अबू फव्वाझ पुन्हा छातीवर हात ठेवून उभा राहिला, आणि राईदनं अत्यंत अदबीनं विचारलं, "आणि या पाहुण्यांचं मागणं?"

मी गौसला ढोसलं. गौसनं साखरेच्या डब्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाला,

"माझ्यात घालू नका म्हणावं. मला शुगर हाय."